दसरूमामांचा तिसरा खांब

दसरूमामा आयुष्यात एकदाच चुकले, आणि ते चुकले आहेत हे कबूल करायला आख्ख्या पंचक्रोशीत एकही माणूस तयार झाला नाही. त्यात मीही आलो. मी त्यांचा सख्खा भाचा, गोंदियाच्या शाळेत मास्तर, चार बुकं जास्त शिकलेला. म्हणजे जबाबदारी माझ्यावर सगळ्यांत जास्त होती. पण शिकलेल्या माणसाचं एक असतं, समोरच्याचं ऐकून व्हायच्या आधीच त्याला उत्तर सुचतं.

आमच्याकडं लग्नकार्याला पाहुणे जमले की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "बाबूजी, दसरूमामाची सांगा." मी हसण्यासारखं तेवढं सांगतो आणि थांबतो. पुढचं सांगत नाही. आज ते लिहून काढतो आहे. लिहिताना निदान कुणी मध्येच पान खायला उठून जात नाही.

मामा गवंडी होते. ठेंगणे, काळेभोर, चुन्यानं खाऊन टाकलेली बोटं. त्यांना सवय होती वाजवून बघायची. समोर जे येईल ते वाजवायचे. भोपळा, घागर, दाराची चौकट, बैलाचं शिंग. नुसतं कानानं ऐकून त्यांचं समाधान होत नसे. वस्तू दातात धरायची आणि मग बोटाच्या पेरानं टकटक करायचं. "कान फसते," ते म्हणत. "दाताले खोटं बोलता येत नाइ." कामठ्याच्या बाजाराला निघाले की गावातल्या बाया मागं लागत, "मामाजी, आमचं मडकं पाहून द्या ना!" मामा मडक्याचा काठ दातात धरून वाजवायचे आणि दहातली सहा कच्ची म्हणून बाजूला काढायचे. त्यांना लांबून येताना पाहिलं की कुंभारीण नवऱ्याला म्हणायची, "झाका, झाका, दातवाला आला!"

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामा बरोबर होते. पोहे येईपर्यंत त्यांनी त्या घराच्या तीन भिंती वाजवल्या, उखळ वाजवलं, तुळशीचं वृंदावन वाजवलं. माझे होणारे सासरे घाबरून गेले. मामा आत येऊन बसले आणि म्हणाले, "घर पक्कं आहे. जमवून टाका." सासऱ्यांना जरा धीर आला. त्यांनी विचारलं, "आणि मुलगा कसा आहे, मामाजी?" मामांनी सगळ्यांच्या देखत माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "आवाज मोठा आहे, आत माल कमी. पन तडा नाइ. चालते."

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझं बोलणं जरा लांबलं की बायको अजून म्हणते, "आवाज मोठा आहे."

पण मामांचं नाव झालं ते गावच्या शाळेमुळं. एक दिवस रस्त्यानं जाता जाता त्यांनी शाळेच्या भिंतीला पाठ लावली, डोकं टेकवलं, आणि सरळ वर्गात शिरून गुरुजींना म्हणाले, "पोरं बाहेर काढा." गुरुजी तापट होते. म्हणाले, "दसरू, तू शिकवणार का पाढे?" मामा म्हणाले, "मले सातापुढं येत नाइ. पन पोरं काढा." चार दिवस वाद चालला. शेवटी मामांच्या कटकटीला कंटाळून गुरुजींनी वर्ग चिंचेखाली नेला आणि त्याच आठवड्यात भिंत बसली. त्या दिवसापासून दसरूमामा म्हणाले की झालंच. विहिरीला पाणी कुठं लागेल, कौलांचं वजन आढं धरेल का, सगळं त्यांनाच विचारायचं. मामांनाही ते आवडायचं. का आवडू नये?

आता पुलाचं सांगतो.

वाघ नदीवरचा आमचा जुना पूल मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काळातला. काळा दगड, सात कमानी. बांधणारे मुख्य मिस्त्री मामांचे वडील. ते चुना दळताना बैलघाणीत विटांची भुकटी टाकत, गुळाचं पाणी टाकत, बेलाचा गर टाकत, आणि मूठमूठ धानाचा कोंडा टाकत. हे शेवटचं त्यांचं स्वतःचं. दुसरा कुणी गवंडी असं करत नसे, उलट हसत. पण कोंड्यानं चुना एकमेकाला धरून राहतो, असा त्यांचा हट्ट होता. लहानपणी त्या घाणीचे बैल मामांनी हाकले होते. पुलाचं नाव निघालं की मामा 'आमचा पूल' म्हणत, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या पुलाचा तिसरा खांब गेला. वरनं वाहून आलेली झाडं कमानीत अडकली, पाणी तुंबलं, आणि खांब अख्खाच्या अख्खा खालच्या अंगाला आडवा झाला. त्याच्याबरोबर दोन कमानी गेल्या. मामा काठावर उभे होते. "फुटला नाइ," ते नंतर सांगत. "उभा होता तसाच निजला. बापाचा चुना होता ना!" त्याही प्रसंगात त्यांना वडिलांच्या चुन्याचा अभिमान वाटला होता.

मग डोंग्याचे दिवस आले. नदी ओलांडायला सुकल्या नावाच्या धिवराचा डोंगा, एका झाडाचं खोड कोरून केलेला. पलीकडं बाजार, दवाखाना, बस, अलीकडं आम्ही. मी सुटीत मामाकडं येताना डोंग्यात बसलो की डोळे मिटून पाढे म्हणायचो. मास्तर असल्यामुळं लोकांना वाटे, सवय आहे.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, पलीकडच्या बांध्यांत रोवायला निघालेल्या बायांचा डोंगा मधोमध उलटला. सुकल्यानं दोघींना बाहेर काढलं. चौघी गेल्या. त्यात मामांची सून होती, रेवंता. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मामांनी सुकल्याला शिवी दिली नाही, हात लावला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायचे थांबले. आणि दुसरं म्हणजे वाजवून बघायचे थांबले. बाजारात बायांनी मडकं पुढं केलं तर म्हणायचे, "घे तुले पटते ते."

त्यांच्या डोक्यात एकच राहिलं, पूल. नागपूरहून साहेब यायचे, दुर्बीण लावायचे, लाल झेंडे रोवायचे, कोंबडी खायचे आणि जायचे. प्रत्येक साहेबाच्या मागं मामा उन्हात चालायचे. "कधी होते, साहेब?" "होगा, मिस्त्री, होगा." झेंडे पावसात वाहून जात. पुढच्या वर्षी नवा साहेब, नवे झेंडे. मग छप्पन साली आम्हाला मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवलं आणि पुलाची फाइल वाटेत कुठंतरी अडकली. मामा मला विचारायचे, "भासा, तू शिकला आहेस. मुंबई किती दूर आहे?" मी भूगोल सांगायला लागलो की उठून जायचे.

आणि एका उन्हाळ्यात काम खरंच सुरू झालं. ओव्हरसियर तरुण होता, जबलपूरकडचा, माणूस चांगला. नवा तिसरा खांब जुन्या जागेपासून चार हात खालच्या अंगाला घ्यायचं ठरलं. मातीचा बांध घालून पाणी अडवलं आणि वाळू उपसायला सुरुवात झाली. दोन पुरुष उंचीइतकं खोल गेलं तरी वाळूच. मे संपत आला. जमिनीत भोक पाडून तपासायचं यंत्र दुसरीकडं अडकलेलं. पाऊस पडला की खड्डा भरणार आणि काम एक वर्षानं पुढं जाणार, म्हणजे आणखी एक वर्ष डोंगा. आणि एके दुपारी मजुराची सब्बल, म्हणजे पहार, खणकन वाजली.

ओव्हरसियरनं मामांना बोलावलं. त्या दिवशी मी तिथं होतो. मामा खड्ड्यात उतरले, कमरेएवढ्या गढूळ पाण्यात. सब्बल खाली टेकवली, वरचं टोक दातात धरलं आणि दगडानं तीनदा ठोकलं. काठावर शंभर माणसं वाकून पाहत होती. मामांनी डोळे उघडले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

"खडक आहे," ते म्हणाले.

"पक्का, मिस्त्री?"

"पक्का. भरा आता."

पाऊस पडायच्या आत खांब पाण्याच्या वर आला.

त्या खड्ड्यातनं मामांनी एक सपाट तुकडा घरी आणला होता. पाया सारखा करताना छिन्नीनं उडालेली काळपट कपरी. मामींनी ती वाटण्याघाटण्याला घेतली. दिवाळीच्या सुमाराला मामी लिंबाचं लोणचं घालायला बसल्या, फोडी करून त्याच कपरीवर ठेवल्या, आणि रसाखाली बारीक फेस उठला. मामी म्हणाल्या, "अहो, हा दगड उतू जाऊन राहिला पाहा."

मामा जेवत होते. ते तसेच उष्ट्या हातानं उठले. वाघ नदीच्या काळ्या दगडावर लिंबू पिळलं तर काही होत नाही. चुना मात्र आंबटाला फसफसतो. त्यांनी हातोडी घेऊन कपरी फोडली. आत पिवळट रंग, विटांची भुकटी, आणि धानाचा कोंडा.

मामा अंगणात येऊन बसले. मामींनी विचारलं, "का झालं जी?" मामा म्हणाले, "खडक नव्हता. बाप होता."

वाळूत निजलेल्या जुन्या खांबावर नवा खांब उभा केला होता. वडिलांचा चुना पाण्याखाली मुरून दगडासारखा झाला, इतका की मामांच्या दातांनाही फरक कळला नाही. किंवा त्या दिवशी त्यांच्या दातांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. खालच्या आडव्या खांबाखाली वाळू होती. एखाद्या पुरानं ती वाळू उकरली की दोन्ही खांब जाणार, आणि त्या वेळी वर जे असेल ते जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा ओव्हरसियरकडं गेले. "साहेब, मी चुकलो."

ओव्हरसियर हसला. "आप और गलत? मिस्त्री, आपकी तो लोग कसम खाते हैं."

मामांनी कोंडा दाखवला. तो म्हणाला, कपरी घरात होती, घरात धान असतं, कोंडा कुठूनही चिकटेल. मामा पाटलांकडं गेले. पाटील म्हणाले, "मामा, तुमचं वय झालं, सुनेचं दुःख आहे, आराम करा." शाळेच्या गुरुजींकडं गेले. गुरुजी म्हणाले, "दसरू, भिंतीच्या वेळी तुझं ऐकलं नाही, ती चूक मी पुन्हा करणार नाही. तू खडक म्हणालास ना? मग खडकच." मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, तेच मी मनून राहिलो, माझं ऐका!" गुरुजी म्हणाले, "ऐकूनच तर राहिलो."

शेवटी ते माझ्याकडं गोंदियाला आले. अर्ज लिहून दे म्हणाले. माझ्या अर्जांची ख्याती होती. मी पहिलं दीड पान साहेबांच्या कर्तव्यदक्षतेवर खर्च केलं. मग अर्जदार कोण, त्याचा अधिकार काय, हे ठसवायला मडकी, शाळेची भिंत, सगळं घातलं. त्यात मला इतका रंग चढला की मुख्य गोष्ट चौथ्या पानाच्या तळाशी दोन ओळींत उरकली. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे माझी आरती आहे गा. मी चुकलो, हे पहिले लिही." मी म्हणालो, "मामा, अर्जाची एक पद्धत असते."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज मिळाला, अर्जदाराचं पुलाच्या कामातलं योगदान मोलाचं आहे, सबब उद्घाटनाच्या दिवशी त्यांचा सत्कार करण्यात येईल. साहेबांनी पहिली तीन पानंच वाचली होती. पत्र मी घडी करून खिशात ठेवलं. मामांना मी ते वाचून दाखवलं नाही. म्हणालो, विचार चालू आहे.

उद्घाटनाला आंब्याची तोरणं, बाजा, लाउडस्पीकर. मामांना धरून स्टेजवर नेलं, शाल घातली, दोन शब्द बोलायला सांगितलं. मामांनी दोन्ही हातांनी माइक धरला. "बापाहो, मायांनो," ते म्हणाले, "हा पूल भरवशाचा नाइ. तिसऱ्या खांबाखाली खडक नाइ. मी चुकलो. यावर गाड्या घालू नका. पाया पडतो."

आणि ते खरंच स्टेजवर गुडघे टेकून बसले, लोकांपुढं डोकं टेकवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचा माणूस मला म्हणाला, "इतना बड़ा कारीगर, देखो कितनी नम्रता!" मी मान डोलवली. टाळ्या वाजवल्या का, हे मला आता आठवत नाही असं मी घरच्यांना सांगतो. वाजवल्या होत्या.

पहिल्या पुराला पाणी पुलाच्या खाली दोन हातांवर आलं तेव्हा मामा रस्त्यात आडवे झाले. गोंदियाची बस थांबली. त्याच बसमध्ये मी होतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, उतारू खाली उतरून शिव्या द्यायला लागले. मी पुढं झालो आणि मामांच्या काखेत हात घालून म्हणालो, "मामा, उठा. लोक हसून राहिले."

"हसू दे. भासा, तू तरी नको जाऊ."

"मामा, शाळेला उशीर होतो आहे."

मी आणि कंडक्टरनं त्यांना उचलून बाजूला बसवलं. चिखलात बसलेल्या मामांनी माझ्या धोतराचा सोगा धरला होता, तो मी सोडवून घेतला. बस गेली. पुलाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चावडीवर कुणीतरी टोमणा मारला, "का गा मामा, पूल तर उभाच आहे!" मामा म्हणाले, "उभा आहे मनूनच तर भेव आहे. पडला असता तर एकडाव निपटलं असतं. आता रोज पडते."

हे 'रोज पडते' ऐकून सगळे हसले. मीही ते पुढं बऱ्याच ठिकाणी गंमत म्हणून सांगितलं.

पाणी ओसरल्यावर मामांनी लोकांशी बोलणं सोडून दिलं आणि दगड वाहायला लागले. टेकडीच्या पायथ्यापासून डोक्यावर एकेक दगड आणायचा आणि तिसऱ्या खांबाच्या बुडाशी टाकायचा. वाळू उकरली जाऊ नये म्हणून. पासष्ट वर्षांचा माणूस, दिवसाला बारा-पंधरा दगड. नदी इतकी मोठी, की संध्याकाळी पाहिलं तर सकाळपासून काही टाकलं आहे असं वाटत नसे. मामी रडायच्या, भांडायच्या. पोरं खोड काढायची. ज्यांच्या मडक्यांना मामांनी दात लावले होते, त्याच बाया कुजबुजायच्या, "डोक्याले तडा गेला."

एक दिवस सुकल्या धिवर डोंगा घेऊन टेकडीच्या बाजूला लागला. पूल झाल्यापासून डोंग्यात बसायला कुणी येत नसे. तो मामांकडं न बघता म्हणाला, "यात टाक. एका खेपेत वीस जातीन." मामा दगड डोक्यावर घेऊन डोंग्यापाशी आले. मग त्यांनी दगड डोंग्यात ठेवला. इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदा जवळ आले होते, पण बोलले नाहीत. पुढं दोन उन्हाळे त्यांनी मिळून दगड वाहिले. रेवंताचं नाव कुणी काढलं असेल असं मला वाटत नाही.

पूल अजून उभा आहे. मामांच्या दगडांमुळं उभा आहे, की बापाचा चुना तेवढा भक्कम होता म्हणून, की मामांची भीतीच खोटी होती म्हणून, हे कळायला मार्ग नाही. खाली उतरून बघणारा कुणी उरला नाही. मामा साठ सालच्या पावसाळ्यात थंडी-तापानं गेले. शेवटच्या दिवसांत ते मामींना सारखं विचारत, "पानी किती आहे?" मामी म्हणत, "उतरलं जी, उतरलं." ते एवढ्यावर विश्वास ठेवत नसत. अर्ध्या तासानं पुन्हा विचारत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, जूनच्या सुरुवातीला. नव्या महाराष्ट्राच्या गप्पा तेव्हा अजून ताज्या होत्या. मी सायकलवर पलीकडच्या गावी एका बारशाला निघालो होतो, धोतर परीटघडीचं, हँडलला पेढ्यांचा पुडा. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा खालून दगड पडल्याचा आवाज आला. मी उतरून कठड्यावरून वाकून पाहिलं.

मामा छातीएवढ्या पाण्यात, बरोबर त्या खांबाच्या खाली उभे होते. डोक्यावरची चुंबळ भिजून एका कानावर घसरली होती. सुकल्या डोंगा धरून बाजूला होता. मी ओरडलो, "मामा!"

त्यांनी वर पाहिलं. ऊन डोळ्यांत जात होतं म्हणून एक हात कपाळावर धरला. मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एकदम घाबरा झाला. दुसरा हात जोरजोरात हलवत ते ओरडायला लागले, "काऊन थांबला तिथं? भासा, उतर! उतर पुलावरून! माघारी जा!"

ज्या खांबाची त्यांना इतकी भीती, त्याच्या बुडाशी ते स्वतः उभे होते, आणि मला हाकलत होते. मला हसू आलं. मीही वरून हात हलवला, माघारी न जाता सायकलवर बसलो आणि पुढं निघालो. पूल संपेपर्यंत मागून त्यांचा आवाज येत होता. तो थांबला, म्हणून मी वळून पाहिलं. मी पलीकडच्या काठाला पोचलेला त्यांना दिसलो असणार. मामांनी हात खाली घेतला, डोंग्याकडं वळले आणि पुढचा दगड उचलायला लागले.